कोरडा माल

मिलमधल्या बाई कधी आवाज चढवत नसत, आणि तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा. कुणी तावातावाने बोललं तर आपल्यालाही चार शब्द सुनावता येतात. या बाई मात्र दवाखान्यात नंबर पुकारावा तशा बोलायच्या.

"ताई, तुमचा माल परत पाठवतेय," त्या फोनवर म्हणाल्या. "गठ्ठे आतून ओले आहेत."

"पुन्हा?"

"पुन्हा. मागच्या खेपेला आम्ही सांभाळून घेतलं, तुम्हाला कळवलंही होतं. ओल्या फोमला गोंद धरत नाही हो. वरून छान दिसतो आणि आतून कुजतो. गाडी निघालीय, संध्याकाळपर्यंत पोचेल. भाडं तुमच्या अंगावर येईल, तेवढं बघा."

ती शेडच्या दारात उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पट्टी ताणायचा चिमटा. मागे प्रेसमध्ये अर्धा गठ्ठा दाबून ठेवलेला होता आणि तो हळूहळू फुगत होता. फोमचं हेच असतं. जरा नजर हलली की तो पुन्हा मूळच्या आकाराला यायला बघतो.

धंदा तिचा होता. गाद्यांच्या कारखान्यातून फोमचं कातरण उचलायचं, शेडमध्ये आणून निवडायचं, कापड चिकटलेलं वेगळं, रबराचं वेगळं, स्वच्छ वेगळं. मग स्वच्छ माल प्रेसमध्ये दाबून, प्लास्टिकच्या पट्ट्या आवळून गठ्ठे बांधायचे आणि मिलला विकायचे. मिलमध्ये तो दळून, गोंद लावून, पुन्हा दाबून त्याचं गालिच्याखालचं अस्तर करत. तिने हे सगळं चुकत माकत शिकून घेतलं होतं. पहिल्या महिन्यात एका गठ्ठ्याची पट्टी तुटून तिच्या कपाळाला लागली होती, त्याची खूण अजून भुवईवर होती.

शेड मात्र सासऱ्यांची. त्यांनी आयुष्यभर तिथे रद्दी आणि पुठ्ठ्याचा व्यापार केला. भिंती स्वतः उभ्या करून घेतल्या, छपराचे पत्रे स्वतः वर चढून ठोकले. पुढे रद्दी कमी होत गेली, त्यांचे गुडघे गेले, आणि शेडला कुलूप लागलं. नवरा बस चालवायचा, त्याला या धंद्यात पडायचं नव्हतं. तिने जेव्हा शेडची किल्ली मागितली तेव्हा सासऱ्यांनी ती लगेच काढून दिली, पण कातरणाची पहिली गाडी आत आली तेव्हा मूठभर फोम उचलून, फुंकर मारून उडवला आणि म्हणाले, "हवा विकणार आहेस होय?"

तेव्हापासून ते रोज सकाळी शेडमध्ये येऊन खुर्ची टाकून बसत. निवडायला त्यांना वाकता येत नसे आणि प्रेसला माणूस लागत नसे. ती माल आणायला बाहेर गेली की राखण करायची, एवढंच काम त्यांना उरलं होतं. आणि वजनकाट्याकडे बघून चुकचुकायचं. घरभर जागा खाणारा गठ्ठा काट्यावर चढला की आकडा बघून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "एवढा डोंगर आणि एवढंसं वजन," ते म्हणायचे. "पुठ्ठ्याचं असं नव्हतं."

संध्याकाळी गाडी आली. ड्रायव्हरने गठ्ठे दारातच उतरवले आणि सही घेऊन निघून गेला. तिने पहिल्या गठ्ठ्याची पट्टी कापली. गठ्ठा फटकन उघडला आणि अंगावर आला. वरचा थर कोरडा ठणठणीत. आत हात घातला तर गार लागलं. खालचे तुकडे पिळले तर मनगटावरून पाणी ओघळलं आणि कोंदट वास आला.

"छप्पर गळतंय," ती म्हणाली.

"छप्पर गळत नाही," सासरे खुर्चीतून म्हणाले.

"मग हे पाणी कुठून आलं, बाबा?"

"ते मला काय ठाऊक. छप्पर गळत नाही. मी ठोकलंय ते."

तरी तिने दुसऱ्या दिवशी पत्रेवाल्याला बोलावलं. तो वर चढला, इकडून तिकडे चालला, प्रत्येक खिळ्याशी बसून बघितलं आणि खाली येऊन हात झटकत म्हणाला, "मी लावतो त्यापेक्षा चांगलं लावलंय. कुणी केलं हे?" दिवसभर सासऱ्यांची मान ताठ होती.

छप्पर नाही तर जमीन असेल. खालचे गठ्ठे वरच्यांपेक्षा जास्त ओले होते, म्हणजे ओल खालून चढत असणार, असं नवऱ्याने डोकं चालवलं. त्याची सुट्टी होती. दोघांनी मिळून सगळी शेड रिकामी केली, जाड प्लास्टिक अंथरलं, त्यावर लाकडी चौकटी टाकल्या. परत आलेला फोम सोडवून पसरला तेव्हा तो शेडभर झाला, अंगणभर झाला, शेवटी घराच्या गच्चीवर, जिन्यात आणि न्हाणीघरातल्या दोरीवरही गेला. उन्हात टाकला की पिवळा पडतो, सावलीत टाकला की वाळत नाही. रात्री कूस बदलावी तर अंथरुणात फोमचे कण. नवऱ्याच्या डब्यात एकदा एक तुकडा निघाला. त्याने तो न बोलता काढून बाजूला ठेवला, आणि ते न बोलणं तिला जास्त झोंबलं.

नव्या चौकटींवर नवे गठ्ठे रचले. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच एका गठ्ठ्यात पक्कड खुपसून आतला तुकडा ओढून काढला. ओला.

ती बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन उभी राहिली. छप्पर नाही, जमीन नाही. मग एकच उरलं. माल मुळातच ओला येतोय.

कारखान्यातलं कातरण एक सुपरवायझर बघायचे. त्यांना सगळे टेपवाले म्हणत, कारण त्यांच्या कमरेला कायम मोजायची टेप लटकलेली असे आणि बोलता बोलता ते ती ओढून सोडत. माणूस करड्या शिस्तीचा. कातरणाच्या पोत्यात कुणी कागदाचा बोळा टाकला तरी ते ज्याने टाकला त्याला शोधून काढत. पण कारखान्याच्या मागच्या बाजूला, जिथे पोती रचत, तिथे एक नळ होता. तिने तो पाहिला होता. आता तिला दुसरं काही दिसेना.

खरं तर तिने त्यांना बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. पण ती आदल्या रात्री झोपली नव्हती, मिलच्या बाईंचा तो गार आवाज कानात होता, आणि टेपवाले नेमके कटिंग टेबलाशी दहाबारा माणसांत उभे होते.

"तुमच्याकडून ओला माल येतोय," ती म्हणाली.

टेपवाल्यांनी टेप सोडली. "कुठून?"

"इथून. तुमच्या मागच्या आवारातून. माझे गठ्ठे परत आले. आधी वाटलं छप्पर असेल, मग जमीन. सगळं करून बघितलं. आता तुम्हीच बघा तुमची माणसं नळाशी काय करतात ते."

कटर थांबले. टेबलाशी उभ्या असलेल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. टेपवाले शांतपणे मागे गेले, एक पोतं स्वतः उचलून आणलं, टेबलावर उपडं केलं आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "लावा हात."

फोम कोरडा होता. अगदी कोरडा, हाताला चिकटणारा.

"आजचा असेल कोरडा," ती म्हणाली. आपण चुकीच्या रस्त्याला लागलोय हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, पण तोंडातून तेवढं निघून गेलं.

"बरं," टेपवाले म्हणाले. फोम पोत्यात परत भरायला लागले. तिला थांबून मदत करावी असं वाटलं, आणि केली असती तर कदाचित पुढचं टळलं असतं. ती निघून आली.

पुढच्या फेरीला ती व्हॅन घेऊन गेली तर फाटकावरच्या वॉचमनने फाटक उघडलं नाही. "टेपवाले साहेबांनी सांगितलंय, ओला माल देऊन तुमचं नुकसान करायचं नाही," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच हे बोलताना कसंतरी झालं असावं, कारण तो दुसरीकडे बघत होता. तिने टेपवाल्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तिने व्हॅन वळवली.

त्यामुळे त्या दिवशी ती दुपारी जेवणाच्या आधीच परत आली. एरवी माल भरून यायला तिला संध्याकाळ व्हायची. व्हॅन रिकामी असल्याने तिने ती रस्त्यावरच लावली आणि मागच्या दाराने शेडमध्ये शिरली.

सासरे खुर्चीत नव्हते. ते गठ्ठ्यांच्या रांगेमागे होते, एका हाताने चौकट धरून, दुसऱ्या हाताने दोन पट्ट्यांच्या मधून एक बारीक नळी गठ्ठ्याच्या पोटात सारत. नळीचं दुसरं टोक भिंतीजवळच्या नळाला होतं. गुडघ्यांमुळे त्यांना नीट उभं राहता येत नव्हतं, तरी ते काम मन लावून चाललं होतं. नळी थोडी आत, मग जरा थांबायचं, मग बाहेर, मग पुढची फट. वरचा थर भिजू नये म्हणून त्यांनी खांद्यावर एक फडकं ठेवलं होतं आणि मधून मधून ते गठ्ठ्याचं तोंड टिपून घेत होते.

तिने जाऊन नळ बंद केला.

सासऱ्यांनी वळून पाहिलं. दचकले नाहीत. "लवकर आलीस," ते म्हणाले.

"बाबा, हे काय करताय?"

"वजन भरतोय."

"वजन?"

"मग काय. तू हवा दाबून विकतेस आणि तो मिलवाला काट्यावर तुला लुबाडतो. प्रत्येक गठ्ठ्यामागे थोडं थोडं घातलं की बरोबरी होते. सगळेच घालतात. पुठ्ठ्यात काय घालत नव्हतो आम्ही? कोरडा पुठ्ठा विकला असता तर तुझ्या नवऱ्याचं शिक्षण झालं असतं का?"

"दोनदा तक्रार आली, बाबा. दुसऱ्यांदा माल परत आला. तुमच्या समोर उतरवला."

"जास्त झालं असेल त्या वेळी," ते म्हणाले. "आता हात बसलाय माझा. आता कमी घालतो."

तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. डोक्यात एकदम सगळं एकामागून एक आलं, पत्रेवाला, प्लास्टिक, चौकटी, न्हाणीघरात टांगलेला फोम, आणि टेबलावर उपडं केलेलं ते पोतं. "मी छपरावर माणूस चढवला," ती म्हणाली. "तुम्ही इथेच बसला होतात. एक शब्द बोलला नाहीत."

"मी म्हटलं होतं छप्पर गळत नाही."

"आणि मी कारखान्यात जाऊन भांडून आले. त्यांनी आज फाटक लावून घेतलं."

हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी नळी गुंडाळायला सुरुवात केली, हळूहळू, कोपरापासून अंगठ्यापर्यंत. "तो टेपवाला तसा कडकच आहे," ते म्हणाले. "दुसरा बघू."

त्यावर तिने हात जोडले. खरोखर जोडले, आणि घरात निघून गेली.

रात्री नवरा जेवायला बसला तेव्हा तिने सगळं सांगितलं. सासरे पलीकडच्या खोलीत होते, दार बंद होतं, पण ऐकू जावं इतक्याच आवाजात ती बोलत होती. नवऱ्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हातारं माणूस आहे."

"म्हातारं आहे म्हणजे काय?"

"म्हणजे... त्यांना वाटलं आपण मदत करतोय."

"मला कळत नाही का ते? म्हणूनच तर मला काही बोलता येत नाही. एखाद्या चोराने केलं असतं तर मी त्याला शेडमधून बाहेर काढला असता. यांना कुठे काढू? शेड त्यांची."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"काय बोलणार?"

त्याने थोडा विचार केला. "म्हणेन की, पाणी नका घालू."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो चेष्टा करत नव्हता. बस चालवून आलेला माणूस, डोळे लाल झालेले, आणि त्याला खरंच वाटत होतं की एवढं म्हटलं की झालं. तिने ताटं उचलली.

नवरा बोलला की नाही, काय बोलला, तिने विचारलं नाही. सासऱ्यांनी मात्र तिच्याशी बोलणं सोडलं. शेडमध्ये येऊन बसत, पण खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवत. चहा दिला तर घेत, कप रिकामा करून जमिनीवर ठेवत. जणू नळी तिच्याच हातात सापडली होती. आणि गंमत अशी की दोनतीन दिवसांनी तिलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं. मग त्याचाही राग आला.

दरम्यान गठ्ठे पुन्हा सोडायचे, वाळवायचे, पुन्हा बांधायचे. या वेळी तिने एक केलं, ओला फोम थोडा थोडा प्रेसमध्ये घालून नुसता पिळून काढला. प्रेसखालून काळपट पाणी वाहिलं आणि नाल्याकडे गेलं. सासरे रस्त्याकडे बघत बसलेले होते, पण पाण्याचा ओघळ त्यांच्या खुर्चीखालून गेला तेव्हा त्यांनी दोन्ही पाय उचलून घेतले.

टेपवाल्यांकडे जायला तिला मन घट्ट करावं लागलं. ती कारखाना सुटायच्या वेळेला गेली नाही. पहिल्यासारखीच, कटर चालू असताना गेली. वॉचमनने आत फोन करून विचारलं आणि फाटक उघडलं. टेबलाशी तीच माणसं होती.

"तुमचा माल ओला नव्हता," ती म्हणाली. "चूक माझ्याकडची होती. मी इथे सगळ्यांसमोर बोलले ते खोटं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगायला आले."

टेपवाल्यांनी टेप थोडी ओढली. "कुठून येत होतं मग पाणी?"

तिने इथपर्यंत सगळं मनात घोकलं होतं, फक्त याचं उत्तर नव्हतं. "आमच्या शेडमध्येच," ती म्हणाली. "सापडलं. बंद केलं."

"नळ होता?"

"हो. नळच."

त्यांनी मान हलवली. टेबलाशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "आमच्यातल्या एका पोरीला त्या दिवशी रडू फुटलं होतं. मागची पोती तीच रचते. नोकरी जाते की काय असं वाटलं तिला." ती पोरगी कोण, हे कुणी दाखवलं नाही आणि तिलाही विचारायचं धाडस झालं नाही.

"अर्धं कातरण मी दुसऱ्याला कबूल केलंय," टेपवाले शेवटी म्हणाले. "आता शब्द मागे घेता येणार नाही. अर्धं तुम्ही न्या."

"पूर्वी सगळं माझं होतं."

"पूर्वी होतं," ते म्हणाले, आणि यात काही टोमणा नव्हता, त्यामुळे तिला पुढे भांडताही आलं नाही. ती अर्ध्या व्हॅनचा माल घेऊन परतली. वळणावर पोती इकडून तिकडे घरंगळत होती, आणि तो आवाज तिला घरापर्यंत ऐकावा लागला.

मिलच्या बाई या वेळी माल मागवायच्या आधी स्वतः बघायला आल्या. फोनवरच्या आवाजावरून तिने उंच, चष्मा लावलेली कुणीतरी मनात धरली होती. आल्या त्या बुटक्या, घामाघूम, पायात सपाट बूट, आणि खांद्याला लावलेल्या पिशवीत ओलावा मोजायचं यंत्र. यंत्राला दोन लांब सुया होत्या. त्या एकेका गठ्ठ्यात सुया खुपसत, काचेवरचा आकडा बघत आणि पुढे सरकत.

सासरे आपल्या खुर्चीत. पण आज खुर्चीचं तोंड आत होतं.

"छान," बाई शेवटच्या गठ्ठ्यापाशी म्हणाल्या. "अगदी हवा तसा. मग ताई, प्रॉब्लेम काय होता शेवटी?"

उत्तर आता तयार होतं. टेपवाल्यांकडून आल्यापासून तिने ते पक्कं करून ठेवलं होतं. "छप्पर गळत होतं," ती म्हणाली. "दुरुस्त करून घेतलं."

"अच्छा, छप्पर."

"छप्पर गळत नाही," सासरे म्हणाले.

कित्येक दिवसांत ते शेडमध्ये पहिल्यांदाच बोलले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. नजरेने जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं.

"बाबा, गळत होतं. पत्रेवाला आला होता ना."

"पत्रेवाला आला होता आणि त्याने सांगितलं की तो लावतो त्यापेक्षा चांगलं लावलंय." सासरे खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. उठायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात बाई यंत्र हातात तसंच धरून थांबल्या. "बाई, हे छप्पर मी ठोकलंय. आजवर यातून एक थेंब खाली आलेला नाही. पाणी मी घालत होतो."

"तुम्ही?"

"नळीने. वजनासाठी. हिला माहीत नव्हतं. कळल्यावर हिने नळ बंद केला." ते परत बसले. "छपराला नाव ठेवू नका."

तिचे कान तापले होते. त्यांना वाचवायला ती खोटं बोलली होती, आणि त्यांनी स्वतःला बुडवताना तिलाही बरोबर घेतलं होतं, तेही पत्र्यांसाठी. यात पश्चात्ताप नावाला नव्हता. चोरी कबूल, पण बांधकामाला बट्टा नको.

बाईंनी सुया पुसून यंत्र पिशवीत ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. त्या कधी रागावतच नसत. "ताई," त्या म्हणाल्या, "आजचा माल मी घेते. पण यापुढे तुमच्या प्रत्येक गाडीतले दोन गठ्ठे आम्ही उघडून बघणार. उघडलेल्या गठ्ठ्याचं वजन बिलात धरत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. पाणी आणि छप्पर, दोन्हीसाठी."

"छप्पर म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही मला आत्ता जे सांगितलंत ते."

गाडी लागली, गठ्ठे एकेक करून काट्यावर चढले आणि गाडीत गेले. ती आणि गाडीवरचा हमाल ढकलत होते. सासरे काट्याजवळ खुर्ची ओढून बसले होते आणि आकडे बघत होते. शेवटचा गठ्ठा गेल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बघितलंस," ते म्हणाले. "किती कमी भरलं."

"हो, बाबा," ती म्हणाली. "कमी भरलं."

संध्याकाळी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. आधी आवरून हसला, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पत्र्यांसाठी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती तो थांबायची वाट बघत बसली. तिलाही हे कधीतरी हसण्यासारखं वाटेल, अशी तिची खात्री होती. आज नाही. आज तिला फक्त एवढं दिसत होतं की निम्मा माल गेला, निम्मा विश्वास गेला, त्या पोरीला रडवलं ते वेगळंच, आणि या सगळ्यात ज्याच्यावर ओरडावं असं एकही माणूस उरलेलं नाही.

"मग आता?" नवऱ्याने डोळे पुसत विचारलं.

"आता काय. उरलेल्या मालासाठी दुसरा कारखाना शोधायचा. सोफेवाले आहेत तिकडे नदीपलीकडे, त्यांना विचारून बघते उद्या."

"बाबांना घेऊन जा की. त्यांच्या सगळीकडे ओळखी आहेत."

ती उठली आणि गॅस पुसायला लागली. तो स्वच्छच होता.

सकाळी ती किल्ली घेऊन बाहेर आली तेव्हा सासरे व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, गुडघ्यांवर दोन्ही हात. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, तिने विचारलं नाही. त्यांना खाली उतरवायचं तर गुडघ्यांचं निमित्त, चारचौघांत वाद, आणि तोवर सोफेवाल्यांचा कारखाना सुरू होऊन माणसं कामात गुंतली असती.

"तिथे मी बोलेन," ती चाक हातात घेत म्हणाली. "तुम्ही फक्त ओळख करून द्यायची. वजनाचं काही काढायचं नाही."

"मी कशाला काढू."

"छपराचंही नाही."

व्हॅन गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा त्यांनी हात उचलला.

"डावीकडून घे. जवळ पडतं."

डावीकडचा रस्ता महिनाभर खोदून ठेवलेला होता. तिने त्यांना ते याआधीही दोनदा सांगितलं होतं. तिने उजवीकडचा दिवा लावला आणि वळली, आणि पूल येईपर्यंत ते तिला डावीकडचा रस्ता कसा जवळचा आहे ते समजावत राहिले.